बीरगंजच्या वहीतलं नाव

आमच्या घरात दोन हरण्या होत्या. एक गोठ्यातली गाय आणि दुसरी अंगणातल्या फणसाखाली उभी असलेली जीप. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते आधी मुळशीच्या धरणावर गाड्या चालवायचे. पुढे नोकरी सोडली आणि लिलावात निघालेली लष्करातली एक म्हातारी जीप घेऊन आले. चाक डावीकडे, टप फाटका, रंग कुठे हिरवा तर कुठे नुसता गंज. आईने तिला ओवाळलं, बॉनेटवर हळदकुंकू लावलं, गायीचंच नाव तिला दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हरणी मुळशीहून पौडला माणसं न्यायला लागली. सकाळी घरात पहिला आवाज जात्याचा आणि दुसरा हरणीचा. थंडीत ती लवकर सुरू व्हायची नाही. तात्या पुढे वाकून हँडल मारायचे, ती खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची, आणि मग एकदम धडधडायला लागली की चुलीवरच्या पातेल्यावरचं झाकणसुद्धा थरथरायचं. आंबेमोहोराच्या भाताचा वास आणि पेट्रोलचा वास हे दोन्ही वास माझ्या लेखी माहेरचेच. आजही पेट्रोलपंपावर गाडी थांबली की मला भूक लागते. नातवंडं हसतात. हसोत.

तात्यांना मुलगा नव्हता. थोरली मंदाताई आणि धाकटी मी, गोदावरी. ताईचं लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि त्याच सुमारास तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. उन्हात त्यांना समोरचा बैल दिसायचा, पण बैलगाडी दिसायची नाही. मग त्यांनी मला चाकावर बसवलं. आधी खाचरं मोकळी असताना खाचरात, मग धरणाच्या कडेच्या रस्त्याने, मग थेट पौडपर्यंत. डबल क्लच कसा मारायचा, उतारावर ब्रेकवर न विसंबता गिअरवर गाडी कशी धरायची, इंजिन तापलं तर आधी काय ऐकू येतं, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. चुकलं की कानाखाली आवाज काढायचे, पण शिकवलं. गावातल्या बायका नदीवर आईला विचारायच्या, "पोरीला कुटं ड्रायव्हरकीला लावणार हायेस का?" आई धुणं आपटत म्हणायची, "लावीन की. तुला न्हाई बसवायची गाडीत." तात्यांनी मला पुण्याला नेऊन लायसन काढून दिलं. परीक्षा घेणारा साहेब आधी हसला, आणि मी गाडी उलटी घेऊन दाखवल्यावर हसायचा थांबला. हे सगळं मी इतकं सविस्तर सांगते, कारण ज्या माणसाने मला हे दिलं त्याच माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, आता ऐंशी उलटली, सोडून द्या. का सोडून द्यावं? माझा आहे तो राग.

नेपाळचं वेड आमच्या घरात आणलं ते धरणावरच्या थापामामांनी. ते तिथे रखवालदार होते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे भात खायला यायचे. त्यांच्या देशात आता नवा रस्ता झाला आहे, ढगांतून जातो, गाडी थेट काठमांडूला पोचते, पशुपतिनाथाच्या दारात, असं ते सांगायचे. सरहद्दीवर गाडी थांबवतात, जाडजूड वही उघडतात, त्यात गाडी चालवणाऱ्याचं नाव लिहितात आणि शिक्क्याचा कागद देतात. मी विचारलं, "मामा, तुमचं नाव पण लिहिलं असेल ना?" ते मिशीत हसून म्हणाले, "मैं तो पैदल आया, बेटी. पैदल का नाम कौन लिखता है? गाडीवाले का लिखते हैं." हे ऐकलं तेव्हा मी भाताचा घास हातात धरून बसले होते. माझं नाव तोवर शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर आणि त्या लायसनवर होतं. दुसऱ्या देशाच्या वहीत आपलं नाव, तेही गाडी चालवणारी म्हणून, ही कल्पना माझ्या डोक्यात जी शिरली ती निघाली नाही. तात्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. ते म्हणाले, "गोदे, जाऊ आपण. अन् सरहद्दीवरनं गाडी तूच न्यायची. नाव तुझं लिवायचं." हे त्यांनी आईसमोर, थापामामांसमोर आणि हातात भाताचं ताट असताना म्हटलं होतं. मी काही स्वप्नात ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी जेठात अधिक महिना आला. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, पावसाला अवकाश होता, आणि अधिकात तीर्थाला जावं असं आईचं म्हणणं. तात्यांनी जायचं ठरवलं. पण अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे ताटात मांडून वर दिवा ठेवून द्यायचे, नवे कपडे करायचे. आईने तीन दिवस तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं. अनारसे तुपात पडले की हळूच चुर्र असा आवाज यायचा, मोठा नाही, आणि खसखशीचा वास ओटीपर्यंत. दाजी आले. ताईचा नवरा, पुण्यात कुठल्याशा कचेरीत कारकून, केसांना तेल, पायांत कडक पट्ट्यांच्या चपला. एरवी माणूस वाईट नव्हता असं मी लिहिणार होते, पण का लिहू? मला तो आवडायचा नाही. जेवण झाल्यावर तात्यांनी हात जोडून विचारलं, "जावईबापू, आणिक काय मान करू?" दाजी सुपारी कातरत म्हणाले, "मान कसला, तात्या. तुम्ही नेपाळला निघालाच आहात तर आम्हीही येतो. मलाही गाडी येते. मीही लायसन काढलंय." त्यांनी लायसन कसं काढलं होतं हे पुढे सगळ्यांनाच कळलं.

निघालो तेव्हा हरणीत आम्ही पाच माणसं, आंबेमोहोराचं गाठोडं, नाचणीचं पीठ, खर्डा, स्टोव्ह, अनारशांचा पत्र्याचा डबा आणि पाण्याच्या दोन छागली. गाडी मी चालवत होते. दाजी माझ्या शेजारी नकाशा घेऊन बसले आणि जिथे एकच रस्ता होता तिथेही "सरळ" असं सांगत राहिले. इंदूरच्या अलीकडच्या घाटात त्यांनी चाक मागितलं. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "दे." अर्ध्या चढावर दाजींना गिअर सापडेना. हरणी मागे घरंगळायला लागली, आई ओरडली, ताईने डोळे मिटले, मी मागून उडी मारून चाकाखाली दगड घातला म्हणून दरीऐवजी कठड्यावर निभावलं. आईच्या कपाळाला टेंगूळ आलं. दाजी खाली उतरले, क्लचकडे बघून म्हणाले, "याचं काम करून घ्यायला हवं होतं तुम्ही." क्लच ठणठणीत होता. त्यानंतर चाक माझ्याकडे आलं ते पुढचे आठ दिवस माझ्याकडेच राहिलं. झाशी, कानपूर, बनारस, गंगेचा पूल, सगळं मी ओलांडलं. ढाब्यावर लोक जमायचे, लुगडं नेसलेली पोरगी जीप चालवते म्हणून बघायला. कुणी कौतुक केलं की तात्यांची मान ताठ व्हायची आणि दाजी पान आणायला निघून जायचे. मला ते दिसत होतं. पण त्याची किंमत ताई मोजते आहे हे मला दिसत नव्हतं.

सरहद्दीच्या अलीकडचं गाव रक्सौल. उन्हाने रस्ता पांढरा पडलेला, टांग्यांची गर्दी, मातीचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास. पुढे एक लहानशी नदी, तिच्यावर पूल, आणि पुलापलीकडे नेपाळातलं बीरगंज. मी सकाळीच विहिरीवर न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, लायसन चोळीत ठेवलं होतं. पुलाची कमान दिसायला लागली तेव्हा मागून तात्यांचा आवाज आला, "गोदे, गाडी बाजूला घे."

मला वाटलं, आईला उतरायचं असेल. मी गाडी घेतली. तात्या म्हणाले, "तू मागं बस. हितनं जावईबापू नेतील."

"का?"

"का म्हंजे? धोंड्याचा महिना हाय. परमुलखात चाललोय. जावई सामानावानी शेजारी बसलाय अन् पोरगी गाडी हाकतीया, हे काय बरं दिसतंय व्हय? त्येंचा मान हाय."

"तात्या, तुमी सांगितलं व्हतं. थापामामांसमोर सांगितलं व्हतं. नाव माझं लिवायचं."

"सांगितलं व्हतं. तवा जावईबापू संगं न्हवतं."

मी जागची हलले नाही. तेव्हा ताईने मागून माझा दंड धरला. तिचा हात गरम होता. हळूच म्हणाली, "गोदे, ऊठ. तुझं एका नावानं अडतंय. मला रोज नांदायचंय." मी वळून पाहिलं. ती रडत नव्हती. रडली असती तर मी भांडले असते. मी उठले आणि गाठोड्यावर जाऊन बसले. आम्हा दोघी बहिणींना कुणी कधी एकमेकींच्या विरुद्ध उभं केलं नव्हतं, ते त्या रस्त्यावर, भर दुपारी, एका माणसाच्या मानासाठी केलं. यात तात्यांचं काय चुकलं असं आमच्याकडचे म्हातारे आजही विचारतील. जावयाचा मान ठेवला, बस्स. गाडी त्याला येत नाही हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

पूल सपाट होता म्हणून दाजींनी तो कसाबसा पार केला. पलीकडे टांगे, बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका न थांबता ये-जा करत होत्या. त्यांना कुणी विचारत नव्हतं. आम्हाला थांबवलं. काळी टोपी घातलेला एक कारकून झाडाखाली टेबल मांडून बसला होता, आणि टेबलावर ती वही होती. थापामामांनी सांगितली होती तशीच, लाल कापडाची. त्याने विचारलं, "चालक कौन?" तात्या पुढे होऊन म्हणाले, "हमारे जमाई." दाजींनी लायसन दिलं. कारकुनाने टाक बुडवून सावकाश त्यांचं नाव लिहिलं, बापाचं नाव, गाव, गाडीचा नंबर. मग कागदावर शिक्का मारून म्हणाला की हा कागद या चालकाच्या नावावर आहे, गाडी हाच माणूस परत घेऊन येईल, दुसरा चालणार नाही, बदलायचं असेल तर काठमांडूच्या कचेरीत जा. दाजींनी मान डोलावली. आता त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मान घेताना एवढं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि देताना तात्यांच्याही.

जंगलातला रस्ता सरळ होता तोवर दाजींनी चालवली. डोंगर सुरू झाला, पहिलं वळण आलं, दुसरं आलं, आणि त्यांनी गाडी उभी केली. चाक सोडून रुमालाने मान पुसली. ते म्हणाले, "उन्हानं डोकं धरलंय. गोदावरी, तू घे जरा." ते जरा म्हणजे काठमांडूपर्यंत. त्या घाटासारखा घाट मी आयुष्यात पुन्हा चालवला नाही. ताम्हिणी त्यापुढे काहीच नाही. वळणावर वळण, खाली पाहावं तर आपणच मघाशी आलो तो रस्ता दोरीसारखा पडलेला, आणि मग खरंच ढग, हाताला ओले लागणारे. आई म्हणाली, "गोदे, बघ की गं वर." मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती वही होती. लोक आयुष्यात एकदा असा प्रवास करतात, आणि मी तो सगळा दात आवळून केला. तोही हिशेब मी कुणाकडे मागायचा?

पशुपतिनाथाला आईने अनारसा ठेवला, माकडाने तो पळवला, आई म्हणाली, पोचला. धर्मशाळेत नागपूरकडचं एक कुटुंब उतरलं होतं. मराठी माणसं भेटली म्हणून सगळ्यांना आनंद झाला. मी स्टोव्हवर भात टाकत होते आणि पाठीमागे दाजी त्या गृहस्थांना सांगत होते, "घाट भयंकर आहे हो. पण हात बसला की काही नाही. वळणावर घाबरायचं नाही, एवढंच." मी उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "दाजी, कोणत्या वळणावर?" ते गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. दाजी हसले आणि म्हणाले, "मेहुणी आहे, थट्टा करते." तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत स्टोव्हपाशी आले. भात खाली लागला. त्या दिवशी तो करपलेला भात मी मुद्दाम दाजींच्या ताटात वाढला, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

परतताना सगळ्या घाटातून गाडी उतरवली मीच. उतार चढापेक्षा अवघड. ब्रेक तापून वास यायला लागला की ते निवेपर्यंत मी थांबायचे, तोवर छागलीतलं पाणी इंजिनाला द्यायचे आणि उरलेलं स्वतः प्यायचे. बीरगंजची घरं दिसायला लागली तेव्हा तात्या पुन्हा म्हणाले, "गोदे, बाजूला घे." आता तर कागदही त्यांच्या बाजूचा होता. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि दाजींच्या मांडीवर ठेवली. मग चपला हातात घेतल्या आणि खाली उतरले.

"कुटं चाललीस?" तात्यांनी विचारलं.

"पलीकडं. चालत."

"येडी का काय! गाडीत बस."

"मी न्हाई बसायची. ज्येचं नाव हाय त्येनं न्यावी गाडी."

मी चालायला लागले. रस्ता तापला होता, चपला हातात आहेत हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. मागे हरणी सुरू झाली, धक्का खाऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली. अशी अडखळत ती माझ्या मागून येत होती. कारकुनाच्या टेबलापाशी ती एकदाची थांबली आणि मग सुरू होईना. मी पुढे जाऊन पुलाच्या तोंडाशी उभी राहिले होते. मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. दाजी किल्ली फिरवत होते, घामाने सदरा पाठीला चिकटला होता, हरणी नुसती कण्हत होती. शिपाई हसायला लागले. कारकून वही घेऊन जवळ आला, तिच्यातल्या नावाकडे आणि मग दाजींकडे पाहून म्हणाला, "सच बताइये, पहाड में गाडी इन्होंने चलाई?"

हा प्रश्न तात्यांना विचारला होता. एवढं सोपं होतं. "माझ्या मुलीने चालवली" एवढंच म्हणायचं होतं, मोडक्यातोडक्या हिंदीत. तात्यांनी दाजींकडे पाहिलं. ताईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला माहीत नाही, त्या उन्हात त्यांना मी दिसले तरी असते का कोण जाणे. आणि ते म्हणाले, "हां जी, इन्होंने ही. गाडी बुढ्ढी हो गयी है."

म्हणजे माझं नाव गेलंच, वर हरणीवरही आळ घातला. ज्या गाडीने कधी दगा दिला नाही त्या गाडीला त्यांनी परक्या माणसासमोर म्हातारी ठरवलं. कारकुनाने कागदावर शिक्का मारला. मग त्यांनी ती ढकलायला घेतली. तात्या, आई, ताई, आईच्या काखेत अनारशांचा रिकामा डबा, आणि चाकावर दाजी. तात्या मला हाका मारत होते, "गोदे, हात लाव की गं!" मी हात लावला नाही. माझ्या शेजारून माझी आई पदर खोचून, जावयाला गाडीत बसवून ती गाडी ढकलत दुसऱ्या देशातून आपल्या देशात घेऊन गेली. दाजींनी जाता जाता शिपायाला सलामही केला. मी त्यांच्या मागोमाग पूल ओलांडला. मला कुणी थांबवलं नाही, कुणी काही विचारलं नाही, माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पायी जाणाऱ्याचं नाव कोण लिहितो?

रक्सौलला एका आंब्याच्या झाडाखाली गाडी थांबली. दाजी उतरले, विजार झटकली, "झालं एकदाचं" म्हणाले. तात्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "घे. आता घरापत्तूर तूच."

मी हात मागे बांधले. म्हटलं, "तात्या, आधी मागं जाऊन त्या कारकुनाला सांगा, गाडी कुणी चालवली ते. मगच किल्ली घेईन."

दाजी म्हणाले, "हा काय पोरकटपणा आहे?" ताई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही गप बसा." आई खाली बसून तळपायाला टोचलेला खडा काढत होती. आकाश पूर्वेकडून भरत आलं होतं, पाऊस आमच्या आधी मुळशीला पोचला तर भाताचं बी पेरायचं राहणार होतं, आणि गाडी नेऊ शकणारं माणूस मी एकटी. हे तात्यांना कळत होतं. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते पुलाच्या दिशेने चालायला लागले. डोळ्यांवर हात धरून, वाट चाचपत. टांग्यांच्या धुळीत ते दिसेनासे झाले. हाक मारून परत बोलवावं असं वाटलं, पण मी बोलावलं नाही.

बऱ्याच वेळाने ते परत आले. उपरण्याच्या टोकाने मिशा पुसत होते. मला वाटलं, रडले.

"सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हनला?"

"हसला. म्हनला, पोरगी गुणाची हाय." आणि किल्ली पुढे धरली.

मी किल्ली घेतली. हरणी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सबंध वाटेत दाजी मागे गाठोड्यावर बसले आणि तात्या माझ्या शेजारी. आम्ही मुळशीला पोचलो आणि चौथ्या दिवशी पाऊस लागला. वहीत नसेल, पण त्या कारकुनाला तरी ठाऊक आहे, एवढ्यावर मी राग गिळला. पुढची चौदा वर्षं मी तो गिळलेलाच ठेवला. तात्या त्या उन्हात, अधू डोळ्यांनी, माझ्यासाठी परत गेले होते, हे आठवून मी कितीदा त्यांचं चुकलेलं पोटात घातलं असेल याची मोजदाद नाही.

मग माझं लग्न होऊन मी पिरंगुटला आले, मुलं झाली, हरणी भंगारात गेली, तात्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. असाच एक अधिक महिना होता. तात्या माझ्या घरी आले, माझ्या नवऱ्याला धोंड्याचं आमंत्रण द्यायला. नवरा शाळेत शिकवायला गेला होता. तात्या पाटावर बसले, मी चहा ठेवला. आता त्यांना स्पष्ट दिसायचं, खुशीत होते. जुन्या गोष्टी निघाल्या आणि मी म्हटलं, "तात्या, तुमी त्या दिशी माघारी गेलात, ते मी जल्मात इसरायची न्हाई."

ते हसायला लागले. अगदी मनापासून, खांदे हलवून. म्हणाले, "अगं, कुटलं सांगतोय! पुलाच्या अलीकडं च्याचं दुकान व्हतं. तितं बसलो, च्या प्यालो, अन् आलो माघारी. जावयाचं नाव एकदा लिवल्यालं, ते मी कशाला खोडू? तू तरी काय, लगीच फसलीस!" आणि मिशा पुसल्या. तशाच, उपरण्याच्या टोकाने.

चहा उकळून वर आला होता. मी पातेलं उतरवलं, मोरीपाशी गेले आणि सगळाच्या सगळा चहा मोरीत ओतला. मग पातेलं विसळून उपडं घातलं. तात्या बघत राहिले.

"अगं, साखर घातली व्हती न्हवं त्यात?" ते म्हणाले.

"घातली व्हती," मी म्हटलं. "अन् आमचे हे धोंड्याला यायचे न्हाईत."